अडईच्या पेट्या

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर गोपाळकृष्ण केतकरांनी कोथरूडमागच्या तळ्याकाठी रोज सकाळी पारव्यांना ज्वारी टाकायला सुरुवात केली. दोन वर्षांत चाळीस पारव्यांचे चारशे झाले, याचा त्यांना फार अभिमान होता.

त्याच काठावर सरोजिनी आपटे या निवृत्त मुख्याध्यापिकेने रीतसर परवानगी काढून झाडांवर तीन लाकडी पेट्या टांगल्या होत्या. अडई नावाची रानबदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि ढोल्या असलेली जुनी झाडं तर रस्तारुंदीत गेली होती. पण तिन्ही पेट्यांत पारव्यांनीच बिऱ्हाड थाटलं. अडईची जोडी यायची, दारात डोकवायची आणि पंखांचे फटके खाऊन परत जायची.

बाईंनी केतकरांना गाठून ज्वारी बंद करायला सांगितली. मुक्या जीवांच्या तोंडचा घास काढणं आपल्याच्यानं होणार नाही, असं केतकर म्हणाले.

"मग शिडी चढा," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत. अंडी दिसली तर हात लावायचा नाही, नुसत्या काड्या असतील तर काढायच्या. आपल्याइतक्या प्रेमानं कोण काढणार?"

नाही म्हणायला जागाच उरली नाही. केतकर चढले. पहिल्याच पेटीत पांढऱ्या मानेची पारवी होती. ही त्यांची लाडकी, रोज त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपणारी. केतकरांनी काडीला हात लावताच तिने पंख फडकावून त्यांच्या नाकावर सणसणीत ठेवून दिली आणि उडता उडता चष्मा रंगवला.

ते खाली आल्यावर बाईंनी रुमाल पुढे केला.

"रोज माझ्या हातचं खाते हो ही," केतकर म्हणाले.

"म्हणूनच अंगात एवढी ताकद."

हे केतकरांच्या मनाला फारच लागलं. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बंद झाली. पारवे आठवडाभर त्यांच्या मागे बसस्टॉपपर्यंत यायचे, तेव्हा ते तोंड फिरवून उभे राहायचे. दर शनिवारी मात्र न बोलावता शिडीवर हजर. आषाढापर्यंत पारवे पांगले आणि श्रावणात मधल्या पेटीत अडई बसली.

एका सकाळी पिल्लांनी पेटीतून पाण्यात उड्या टाकायला सुरुवात केली. केतकर अगदी पुढे जाऊन मोठ्यांदा मोजू लागले. त्यांच्या पाठीमुळे बाईंना काहीच दिसेना.

"केतकर, खाली बसा."

ते होते तिथेच चिखलात बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सात."


आठवं पिल्लू बाईंनी पाहिलं.