मोटरीचा उलटा झटका

मित्रांनो, मी एक जुना रिले. ग्वाल्हेर संस्थानच्या टेलिफोन खात्यात नोकरी केलेला. गुंडाळीत जराशी वीज आली की मी ‘टक’ करून पट्ट्यांची टोके जोडतो आणि मोठ्या विजेला वाट देतो. संस्थान विलीन झाले. खाते नव्या सरकारात गेले, मी भंगारात. तिथून मल्हाररावांनी मला घरी आणले. तेही संस्थानी वीजखात्यातले. विलीनीकरणाच्या ज्येष्ठता यादीत आपले नाव कुठे लागते, याची वाट पाहत होते. राजधानी भोपाळला गेली, यादी काही आली नाही.

नया बाजारातल्या त्यांच्या घरी गणपतीमागे एक बाहुली चवरी ढाळी. बॅटरीवरची तिची मोटर चालूबंद करण्याचा मान चौदा वर्षे माझा होता. बंद होताना मोटर उलटा झटका देते. माझ्या टोकांवर ठिणगी उडे, काजळी धरे. मी कधी कुरकुरलो नाही.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी कुमुदिनी कॉलेजातून ट्रान्झिस्टर घेऊन आली. पत्र्याची टोपी घातलेला सुपारीएवढा जीव!

“आबा, हा चुपचाप काम करतो. ना टक, ना ठिणगी.”

“चुपचाप काम करणाऱ्याचं काय होतं, ते मला विचार,” मल्हारराव म्हणाले. तरी त्यांनी मला उतरवलेच.

माझा जळफळाट झाला. झटक्याची गोष्ट मला ठाऊक होती. मी मूग गिळून बसलो. बाहुली एकदा झोकात हलली. कुमुदिनीने बटण सोडले, पुन्हा दाबले, तर बाहुली ढिम्म. पहिल्याच झटक्यात ट्रान्झिस्टरची स्वारी गारद! मला पेढे वाटावेसे वाटले.

“बघ, शेवटी जुनं हाडच कामाला येतं,” मल्हारराव म्हणाले आणि त्यांनी मला पुन्हा जोडले.

मी ऐटीत ‘टक’ केले. पण बटण सोडले तरी मी सुटेना. काजळलेली टोके चिकटून बसली होती. बाहुली चवरी ढाळतच राहिली. शेवटी मल्हाररावांनी बॅटरीची तार उपटली.

“आबा, चूक ट्रान्झिस्टरची नव्हती, माझी होती. डायोड लावायचा राहिला.”

तिने दुसरा ट्रान्झिस्टर बसवला आणि मोटरीला गव्हाच्या दाण्याएवढा डायोड जोडला. आता झटका परस्पर जिरू लागला. बाहुली हलली, थांबली, पुन्हा हलली.

मल्हाररावांनी मला तळहातावर घेतले. “हा दाणा आधी लावला असता, तर याचीही टोकं वाचली असती?”

“वाचली असती की.”

“मग इतकी वर्षं आपण का नाही लावला?”

“हा चालत होता ना, आबा!”

मल्हाररावांनी माझ्या टोकांवरची काजळी धोतराच्या सोग्याने पुसली.

मित्रांनो, ट्रान्झिस्टरला माझी जागा मिळाली, हे मी कसेबसे गिळले. पण त्याला पहिल्याच दिवशी डायोड मिळाला, याने अजून जळतो. नव्याला जरूर जपा. फक्त जुना कुरकुरत नाही, म्हणून त्याला भाजत नसेल, असे समजू नका.