काळी एक

आमच्या घरच्या ऑर्केस्ट्रात एकच कायदा आहे. बाबा कीबोर्डवर जी पट्टी लावतील तिच्यात गायचं, आणि गाणं एकदा सुरू झालं की आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. या कायद्याखाली मी नऊ वर्षांचा असल्यापासून बावीस वर्षं काळी चारमध्ये, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीत, गायलो, आधी फ्रॉकमध्ये, मग साडीत. लोक म्हणायचे, काय गोड गळा आहे पोरीचा. गळा गोड होताच. पोरगी तेवढी नव्हती.

पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आवाज गेला की परत येणार नाही. घरातल्यांना वाटतं, मी एका सकाळी उठलो आणि टूम काढली. दोन वर्षं मी बाथरूममध्ये नळ सोडून त्या आवाजाचा निरोप घेत होतो, कारण मलाही तो आवडायचा. हे सांगितलं तर लगेच विचारतील, मग कशाला या फंदात पडलास? म्हणून सांगत नाही.

आवाज फुटला तेव्हा ड्रम वाजवणारे काका म्हणाले की एकतिसाव्या वर्षी मिसरूड फुटणारा खानदानात मीच पहिला, आणि दाढीचं सामान आणून दिलं. बाबांनी मला स्टेजवरून उतरवलं आणि स्पीकर उचलायला लावलं. दीड वर्ष मी ते उचलले. सामानाच्या खोलीत रोज पहाटे घसा घासत राहिलो, तेव्हा कुठे गळा काळी एकवर, पुरुषांच्या पट्टीवर, स्थिरावला.

काकांनी मध्यस्थी केली. एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात, रविवारी दुपारी, मला एक गाणं मिळालं. जमलं तर पुन्हा गायक, नाही तर जन्मभर हमाली, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. घरी चार तालमी झाल्या. चारही वेळा बाबांनी स्वतः काळी एक लावली. चौथ्या तालमीत तर ते म्हणाले की अंतऱ्याच्या आधी श्वास घेऊ नकोस, ओळ तुटते. दीड वर्षानंतर माझ्या गाण्याबद्दल पहिलं वाक्य. दोन दिवस मी हवेत होतो.

रविवारी कोट घालून माइकसमोर उभा राहिलो. बाबांनी सुरुवातीचा तुकडा वाजवला. काळी चार. मी वळून पाहिलं, ते मान खाली घालून वाजवत होते. काकांचे डोळे मोठे झाले होते. पण कायदा म्हणजे कायदा. मुखडा खालच्या सप्तकात घेतला, तो मलाच धड ऐकू येईना. अंतऱ्याला वर जावंच लागलं आणि आवाज चिरकला, पुन्हा चिरकला. पुढच्या टेबलावरची एक बाई रुमालात तोंड खुपसून हसली, मग अख्खं टेबल. मी गाणं पूर्ण केलं. कीव आल्यासारख्या टाळ्या पडल्या.

पडद्यामागे बाबा फडक्यानं कीबोर्ड पुसत होते. बावीस वर्षांची सवय, हात आपसूक गेला असेल, अशी मी मनाची समजूत घालून ठेवली होती. मी तर त्यांना माफही करून टाकलं होतं. म्हटलं, "बाबा, बोट चुकलं ना?"

नुसतं हो म्हणाले असते तरी भागलं असतं.

"नाही चुकलं," ते म्हणाले. "म्हटलं बघावं, आत कुठे उरली आहे का ती."

काका ड्रमचे स्क्रू सोडायचे थांबले. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"ती नव्हतीच कधी," मी म्हणालो. "बावीस वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून मीच गात होतो. तुम्हाला आवडायचं ते माझंच गाणं होतं."

त्यांनी कीबोर्डला कव्हर घातलं, चेन शेवटपर्यंत ओढली. मग माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "पुढच्या रविवारसाठी एखादी गायिका बघ. काळी चारची."