परचुरे साहेबांचा गुरुवार

परचुरे साहेबांचा गुरुवार कुणाचा, यावरून पंढरीच्या पोटात गेली दोन वर्षं दुखत होतं.

आधी तो गुरुवार डोंबिवलीचा होता. एमआयडीसीतल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात साहेब नौपाड्याच्या ऑफिसातून गाडी काढून यायचे. प्रत्येक मशीनशी थांबायचे, कुणाच्या आईचा गुडघा, कुणाच्या पोराची दहावी, सगळी चौकशी करायचे आणि निघताना फोरमन पंढरीच्या खांद्यावर हात ठेवायचे. तेवढ्या एका हातावर गडी आठवडाभर हवेत असे. मग शहाडला दुसरा कारखाना निघाला. तिथला फोरमन कोण, तर पंढरीचाच साडू गोपीनाथ! त्याला साहेबांकडे चिकटवला होता तोही पंढरीनंच. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा.

गुरुवार शहाडला गेला. डोंबिवलीला आला स्पीकरवाला फोन.

सोमवारी सकाळी फोन वाजला की बटण दाबायचं आणि सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं. साहेब नौपाड्याहून बोलणार, हे ऐकणार. कामगारांना त्याची मोठी मौज वाटे. पंढरी मात्र त्याला खोका म्हणे. आवाज साहेबांचाच, पण खांद्यावर ठेवायला खोक्याला हात कुठून असणार?

घरी बायको गोदा होतीच तेल ओतायला; गोपीनाथची शालू तिची सख्खी बहीण. "शालू सांगत व्हती, साहेब तिचे घरान बसून जेवला. जवल्याची चटनी मागून घेतली."

"मंग मी काय करू? नाचू?" पंढरी खेकसला. भाकरी तशीच टाकून उठला. साडूचं भलं झालं तर आनंद मानावा, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि अंगाचा तिळपापड होणं वेगळं.

अशातच खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा करायची, आणि मालकानं नारळ फोडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, अशी कारखान्याची रीत. आदल्या सोमवारी खोक्यातून साहेब म्हणाले, "पंढरी, यंदा मी शहाडला असेन. डोंबिवलीचा नारळ तू फोड."

पंढरी "बरं साहेब" म्हणाला आणि आतून पेटला. सणाच्या दिवशीसुद्धा शहाड! म्हणजे आपण सावत्र ते सावत्रच.

खंडेनवमीला सगळी तयारी झाली. काळुराम नावाच्या जुन्या कामगारानं मशीनंबरोबर त्या फोनलाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. ते पाहून पंढरीचं उरलंसुरलं डोकं फिरलं. नारळ हातात घेतला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"थांबा रे. आज साहेब आल्याबिगर पूजा नाय," त्यानं हुकूम सोडला आणि शहाडला फोन लावला. "साहेब, माणसं ऐकत नाहीत. तुमच्या हातचा नारळ पायजे म्हणतात. मशीनला हात लावणार नाय म्हणतात."

पलीकडून साहेब म्हणाले, "येतो."

शहाडची पूजा अर्ध्यावर टाकून साहेब निघाले. पत्रीपुलाच्या गर्दीत अडकत, घाम पुसत डोंबिवलीला पोचले. त्यांना गाडीतून उतरताना पाहून पंढरीला लग्नातल्या नवऱ्यासारखं झालं. तिकडे गोपीनाथ ताट घेऊन तसाच उभा असेल, या विचारानं त्याला फारच बरं वाटलं.

साहेबांनी नारळ फोडला आणि हात पुसत विचारलं, "काय काळुराम, एवढा राग? मशीन चालवणार नाही म्हणालात?"

"आमी?" काळुराम भाबडेपणानं म्हणाला. "आमी कदी? पंढरीदादाच बोलले, थांबा."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पंढरीला बाजूला घेऊन गेले.

"तुला काय वाटलं, मी शहाडला कौतुकानं जात होतो? तिथं मी नसलो की घोळ व्हायचे, म्हणून जात होतो. इथं तू होतास, म्हणून फोनवर भागत होतं. दिवाळीपासून डोंबिवलीचा मॅनेजर तुला करायचा होता. आजचा नारळ म्हणून तर तुझ्या हाती दिला. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, घरी येऊन सांगणार होतो." मग हळू आवाजात म्हणाले, "माझंही चुकलंच. आधी सांगायला हवं होतं."

पंढरी पायाशी पडलेलं झेंडूचं फूल उचलू लागला.

"मी निघालो तेव्हा गोपीनाथ म्हणाला, 'तुमी जा साहेब, मी बघतो.' दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाला." साहेब कामगारांकडे वळले आणि मोठ्यानं बोलले, "उद्यापासून शहाड गोपीनाथ बघेल. मी दर गुरुवारी इथं येत जाईन."

कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंढरीलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"आणि पंढरी, तो फोन काढून गाडीत ठेव. शहाडला लागेल."

पंढरीनं वायर सोडवली, फोन दोन्ही हातांनी उचलला आणि नेऊन साहेबांच्या गाडीत ठेवला. गोपीनाथवर तो दोन वर्षं जळत होता, पण खरं जळणं कशाला म्हणतात ते त्याला गाडीचं दार लावताना कळलं.