घड्याळाचं तेज

अंकितानं तीर्थाची वाटी ओठाला लावली, तेवढ्यात शिवांजलीनं तिचं मनगट धरलं. वाटी हिंदकळली आणि थोडं तीर्थ अंकिताच्या सातव्या महिन्यातल्या पोटावर सांडलं.

"पिऊ नकोस."

देव्हाऱ्यापुढं बसलेल्या लीलाबाईंनी मान वळवली. धाकट्या नातसुनेला थोरल्या नातीनं अडवलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. कोरेगावजवळच्या त्या घरात तीर्थाला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.

"शिवे, आगं देवाचं हाय ते."

"देवाचं नाही आजी, घड्याळाचं आहे."

देव्हाऱ्यात पितरांच्या चांदीच्या टाकांशेजारी एक मनगटी घड्याळ होतं. लीलाबाईंचे सासरे ब्रह्मदेशच्या लढाईत गेले. त्यांची माती घरी आली नाही, पलटणीकडून आलं ते हे तडकलेल्या काचेचं घड्याळ. घरानं त्यालाच त्यांचा टाक मानलं. टाकांबरोबर त्यालाही रोज अंघोळ, आणि ताम्हनातलं पाणी तीर्थ म्हणून सगळ्या घराला. पूर्वी अंधारात त्याचे आकडे हिरवे उजळायचे. म्हातारा जागा आहे, असं म्हणून घरातली पोरं गुमान झोपायची.

शिवांजली सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात रेडियमबद्दल सांगता सांगता तिला एकाएकी ते हिरवे आकडे आठवले आणि पुढचं वाक्यच सुचेना. सुट्टी मिळताच प्रयोगशाळेतलं रेडियमचे किरण टिकटिकून दाखवणारं यंत्र पिशवीत घालून ती निघाली. यंत्र तसं खोडीचंच. तिच्या हातात आलं की उगाच टिकटिकायचं. दुरुस्तीला पाठवलं, तर काही बिघाड नाही म्हणून परत आलं. "मॅडम, त्याचं आणि तुमचं जमत नाही," असं प्रयोगशाळेतला मोहसीन तिला चिडवायचा.

"पण ताई, रेडियम तर समदीच गाडीला लावत्यात," अंकिता म्हणाली. "ह्यांच्या बुलेटला शिरवळमधनंच लावून आणलंय."

"ती नुसती चकाकणारी पट्टी गं. असल्या जुन्या घड्याळाच्या आकड्यांत असतं ते खरं रेडियम. बाहेर असलं तर त्याचा जहाल मारा कातडीच अडवते. पण पोटात गेलं की शरीर फसतं. त्याला वाटतं कॅल्शियमच आलं. मग ते उचलून हाडात नेऊन बसवतं, आणि तिथं ते जन्मभर जाळत राहतं."

"आन् बाळाला?"

पोटातलं पोर हाडं करायला आईकडूनच कॅल्शियम घेतं, हे अंकिताला दवाखान्यात गोळ्या देताना सांगितलेलं होतं. तिनं वाटी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले.

"लग्न झाल्यापास्नं रोज पितीय मी."

शिवांजलीनं मांडीवर यंत्र घेऊन सुरू केलं. ते लगेच टिकटिकू लागलं. अंकिता मागं सरकून भिंतीला टेकली. शिवांजलीनं देव्हाऱ्यातून घड्याळ उचलून यंत्राजवळ आणलं. आवाज वाढला, पण नावाला. तिला वाटलं होतं, यंत्र नुसतं किंचाळेल. तिनं घड्याळ उजेडात धरलं. फुटक्या काचेआड आकडे नव्हतेच, नुसते ओरखडे होते.

"आजी, ह्याचे आकडे कुठं गेले?"

लीलाबाईंनी फुलं वाहता वाहताच सांगितलं.

"चौथीत हुतीस. जांभळीवरनं पडलीस, तवा पाय काय केल्या जुळंना तुझा. डॉक्टर म्हणला, हाडात जीवच न्हाई पोरीच्या. मग म्या काय नुसतं बघत बसू? घड्याळ तवा मिणमिणतच हुतं, पर तेज हुतं त्यात. रोज थोडं थोडं खरवडलं आन् तुझ्या दुधात घातलं. गणपती आलं तवर चालाया लागलीस."

"आणि बाकी कुणाला दिलंस?"

"न्हाई. कुणाला कशाला? समदं तुलाच. बाकीच्यास्नी काय, नुसतं धुतल्यालं पानी."

म्हातारीच्या आवाजात इतकी माया होती की शिवांजलीला तिच्यावर रागावताही येईना. तिनं घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

"अंकिता, हे यंत्र धर. पोटाजवळ धर. मी घड्याळ लांब ठेवून येते."

अंगण ओलांडून ती गोठ्यामागं गेली. तिथल्या कोनाड्यात तिनं घड्याळ ठेवलं आणि तिथूनच हाक मारली.

"आता काय म्हणतंय?"

"गप झालं, ताई. मधनंच एखादं टिक करतंय."

"तेवढं सगळीकडंच असतं. त्याला भ्यायचं नाही."

शिवांजलीनं डोळे मिटले. किती तरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. हौदावर तिनं हात खसखसून धुतले, पदराला पुसले आणि ती रिकाम्या हातांनी घरात आली. अंकिता आता चक्क हसत होती. यंत्र परत घ्यायला शिवांजली तिच्याशेजारी टेकली.

टिकटिक सुरू झाली.

अंकितानं यंत्राकडं पाहिलं, मग गोठ्याकडं, मग शिवांजलीच्या रिकाम्या हातांकडं. शिवांजली उठून दारापर्यंत मागं गेली. यंत्र गप झालं.

"काय म्हणतंय गं ते?" लीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही आजी," शिवांजली दारातूनच म्हणाली. "बाळ बरं आहे म्हणतंय."