नाझमियेच्या भोपळ्याचा भाव

भाजीबाजारातल्या काट्यावर भोपळा मावेना, तेव्हा सहा जणांनी ताडपत्रीची झोळी करून तो गुरांच्या बाजारात नेला. गुरुवार होता. एकीकडे वासरं हंबरत होती, दुसरीकडे मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, आणि मधोमध, बैल चढवायच्या लोखंडी काट्यावर, नाझमियेचा भोपळा बसला होता. केशरी, भलाथोरला, एका कुशीवर कललेला. लग्नघरी जेवून सुस्तावलेल्या व्याह्यासारखा.

"दोनशे बारा किलो!" काटेवाला ओरडला.

"शाकिरकाका, दूध किती देतो हा?" कुणीतरी विचारलं.

"दात दाखवा त्याचे, वय कळेल!"

नाझमियेचा नवरा शाकिर मिशीतल्या मिशीत हसला. नाझमिये मात्र हसली नाही. ती देठापाशी उभी होती, डोईच्या रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट करत. गुरांच्या बाजारात बाया येत, पण कुंपणापर्यंतच. आज ती कुंपणाच्या आत होती. उचलणाऱ्यांच्या हाती भोपळा एकटा सोडायला तिचं मन घेत नव्हतं.

आणि दुसरंही एक कारण होतं. सकाळी ट्रॅक्टर जोडताना शाकिर सहज बोलून गेला होता, "बी शेजारणीचं, शेण आपल्या गाईचं, पाणी साकार्या नदीचं. जे मिळेल ते फुकटातलं."

तो फुकट शब्द माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकला होता.

शाकिर वाईट माणूस नव्हता. तिला थंडी वाजली की न सांगता शेगडीत लाकूड सारणारा माणूस तो. पण परसात काय चाललंय ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सूर्य उगवायच्या आत मादी फूल उमलतं, आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात नराचं फूल खुडून, त्याच्या पाकळ्या सोलून, पिवळी भुकटी मादी फुलाच्या ओठांना लावायची, हे नाझमियेनं दवात गुडघे टेकून केलं होतं. वेलीवरची बाकी सगळी पोरं तिनं खुडली आणि या एकाला ठेवलं. खुडताना दर वेळी "माफ कर गं बाई" असं वेलीला म्हटलं. खाली वाळू पसरली, वर जुनी चादर बांधली. दुपारी चादरीच्या सावलीत ती बसे आणि कुणी ऐकत नाही असं बघून गुणगुणे:

*वेलीच्या लेकरा, ऊन तुझ्या डोईवर,*
*माझ्या रुमालाची साउली तुझ्या अंगावर.*

म्हणून ट्रॅक्टरवर बसताना ती म्हणाली होती, "सहा हजार लिरा. त्याखाली द्यायचा नाही."

"सहा हजार? अगं, भोपळा आहे, घोडा नाही."

"सहा."

"बघू," शाकिर म्हणाला होता. त्याचं 'बघू' तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

गिऱ्हाईक आलं ते हमरस्त्यावरचा मिठाईवाला झिया उस्ताद. साखरेत शिजवलेल्या भोपळ्यावर तिळाचं वाटण आणि अक्रोड घालून देणारं त्याचं दुकान. दलाल दुरसुन पुढे झाला. पंचवीस वर्षं या बाजारातला प्रत्येक सौदा त्याच्या हातून झालेला. त्यानं एका हातानं शाकिरचा हात धरला, दुसऱ्यानं झियाचा, दोन्ही एकमेकांत कोंबले आणि उखळात मुसळ चालावं तसे वरखाली हलवायला लागला.

"बोल उस्ताद, बोल!"

"दोन हजार!"

"शाकिर, दोन म्हणतोय! ने वर!"

"पाच... साडेचार!" शाकिर धापा टाकत म्हणाला.

"अडीच!"

"चार!"

"तीन! तीन, आणि संपलं!" झिया म्हणाला. दुरसुननं हात आणखी जोरात हलवले. या हलवण्यात भल्याभल्यांचं डोकं गरगरतं आणि तोंडून 'दिलं' निघून जातं. शाकिरचे ओठ उघडले.

"सहा," नाझमिये म्हणाली.

हात थांबले. माणसं वळली.

"वहिनी," दुरसुन समजुतीनं म्हणाला, "भाव हातात ठरतो, तोंडात नाही."

"आणि सहा कशाचे हो?" झिया हसला. "भोपळा काय, आपोआप वाढतो. तुम्ही झोपता, तो वाढतो."

"मी झोपत नव्हते ना," ती म्हणाली. "गेल्या ऑगस्टात तुमच्याच भावाच्या हेझलनटच्या बागेत वेचणीला होते. दिवसाला पाचशे लिरा दिले त्यांनी, वर ताक. हेच हात होते. या भोपळ्याला एकशे आठ दिवस दिले, रोज एक तास धरा. नऊ तासांचा दिवस, म्हणजे बारा दिवसांची मजुरी, सहा हजार. परक्याच्या बागेत या हातांना भाव आहे, आणि माझ्या परसात ते फुकट?"

शेवटचा शब्द तिनं झियाकडे बघून म्हटला नाही. शाकिरनं मान खाली घातली.

झिया भोपळ्यावर टिचकी मारून म्हणाला, "बरं. गोड तरी आहे का?"

बाजारात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मध आहे मध.

"नाही," नाझमिये म्हणाली.

शाकिरनं डोळे मिटले. मागून कुणीतरी "या अल्ला" म्हणालं.

"पाणचट आहे. एवढा मोठा गोड नसतो कधी. कढईत घालाल तर नुसतं पाणी सुटेल. कितीही अक्रोड पेरा, दुकानाचं नाव जाईल तुमच्या. गोड हवा तर भाजीबाजारात पाच-पाच किलोचे आहेत, दहा लिरा किलोनं. ते घ्या."

"मग सहा हजारांत मी घेऊ काय?"

"हे सगळे बैल सोडून जे बघायला उभे आहेत, ते. दुकानाच्या दारात मांडा."

झियानं मागं वळून पाहिलं. खरंच, दावणीला बैल एकटे उभे होते. एका वासरानं दावं सोडवून कुणाच्या तरी थैलीतली कोबी चघळायला घेतली होती आणि धन्याला पत्ता नव्हता. झिया खो खो हसला. "दुकानाची पाटी रंगवणाऱ्याला मागच्या वर्षी सात हजार दिले. तिच्याकडे बघून एक ट्रकसुद्धा थांबला नाही." मग डोळे बारीक करून, "पाच. एक हजार पाणचटपणाचे वजा."

"मी सांगितलं म्हणून वजा?"

"तुम्ही न सांगता मी घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात भांडायला आलो असतो."

नाझमियेनं विचार केला. पाणचट तर होताच. "पाचशे वजा करा," ती म्हणाली. "पण गोडीतून. माझ्या तासांतून नाही."

"साडेपाच!" दुरसुन गरजला, आणि सवयीनं शाकिरच्या हाताकडे झेपावला.

शाकिरनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझा नको. एक घागरभर पाणी घातलेलं नाही मी त्याला."

आता आली पंचाईत. दुसऱ्याच्या बायकोचा हात भर बाजारात धरायचा कसा? दुरसुननं घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली. पंचवीस वर्षांत त्याचं टक्कल बाजारानं पहिल्यांदा पाहिलं.

"दुरसुन, झाक रे, दुसरा भोपळा समजून भाव करतील!"

"गप रे गाढवांनो! वहिनी, ही कड तुम्ही धरा. उस्ताद, ही तू."

टोपीच्या मधोमध दुरसुनचा हात, दोन्ही कडांना ते दोघं. टोपी वरखाली नाचायला लागली. नाझमियेनं तिची कड गाईच्या दाव्यासारखी घट्ट आवळली होती.

"साडेपाच! दिला?"

"दिला."

"घेतला?"

"घेतला. हलाल केलंत, वहिनी? राजीखुशीनं दिलात ना?"

"हलाल केलं. तुम्ही?"

"हलाल."

ताडपत्री पुन्हा पसरली. नाझमिये उचलणाऱ्यांवर ओरडत पुढे धावली, "देठाला धरू नका! खालून, खालून हात घाला!"

इतक्यात मेंढ्या विकून उशिरा आलेला एक ओळखीचा माणूस गर्दीतून घुसला. "शाकिर, अरे, केवढ्याला विकलास?"

"मला काय विचारतोस?" शाकिर म्हणाला. "धनीण ती तिकडे आहे. जरा थांब, आत्ता कामात आहे."