पुडीतली पांढरी पूड

तापीबाई कोरीटहून नंदुरबारला भावाकडे आली होती. सकाळी तिने बाजारातून आणलेलं जुलाबाचं मीठ पाण्यात कालवून घेतलं आणि घटकाभरात ती न्हाणीपाशी आडवी झाली. ओठ पांढरे पडले, ओकारीत रक्त आलं.

तिचा भाऊ पितांबर हायस्कुलात रसायन शिकवायचा. पुडीत उरलेली पूड त्याने जिभेला लावली. आंबट! जुलाबाचं मीठ तर कडू असतं. पुडी ज्याच्याकडून आणली, त्या रूपचंदच्या दुकानावर तो तसाच धावला. रूपचंदने मिठाचं पोतं दाखवलं. शेजारी आणखी दोन पोती होती, एक सरबतात घालायच्या आंबट टाटरीचं, दुसरं पितळेची भांडी उजळायच्या पुडीचं. ओलीने चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. कशातलं मापून दिलं, ते त्याला सांगता येईना.

टाटरी असेल तर निभावेल. पण भांड्यांची पूड म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड, विष.

डॉक्टर तळोद्याला गेले होते. दवाखान्यातला कंपाउंडर हिलाल सोड्याचं पाणी घेऊन आला, तर पितांबरने त्याचा हात धरला. टाटरीवर सोडा चालेल, पण ऑक्झॅलिकवर सोडा पडला तर ते विरघळून रक्तात भिनेल. त्याला चुनाच लागतो.

हिलाल म्हणाला, "घसा सोलून निघालाय, मास्तर. त्यावरून चुना ओतला आणि निघाली टाटरी, तर मारलं कोणी?"

 बायकोला, शांतीबाईला, पितांबरने सांगितलं की मी येईपर्यंत काही पाजू नको. मग पुडी मुठीत धरून तो शाळेकडे पळाला.

रविवार होता. प्रयोगशाळेची किल्ली हेडमास्तरांकडे आणि ते गावाला. त्याने दगडाने कुलूप फोडलं. महायुद्धामुळे स्पिरिट मिळत नव्हतं, दिवा कोरडा होता. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून त्याने पेटवली आणि परीक्षानळीत चिमूटभर पूड घेऊन वर धरली. टाटरी जळून काळी पडते, जळक्या साखरेचा वास येतो. ऑक्झॅलिक काळं पडत नाही.

नळी काळी झाली.

आत की बाहेर, ते कळेना. रॉकेलच्या धुराने काच काजळली होती आणि वासही रॉकेलचाच. त्याने गरम नळी धोतराने पुसली, बोटं भाजली, काच तडकली आणि पूड राखेत सांडली.  पुडीत आता बोटाच्या पेराएवढी पूड उरली होती. तिकडे बहीण तडफडत असेल, हिलालने कंटाळून सोडा पाजला असेल, असं त्याच्या डोक्यात घुमू लागलं.

आग नको, असं त्याने ठरवलं. उरलेली पूड पाण्यात विरघळवली, त्यात चुन्याची निवळी घातली. दुधासारखा गढूळ साका आला. पण टाटरीचाही तसाच येतो. आता सिरका. टाटरीचा साका सिरक्यात विरतो, ऑक्झॅलिकचा विरत नाही. घाईत अर्धा सिरका टेबलावर सांडला. नळी हलवून त्याने उजेडात धरली.

साका तसाच होता. आणखी सिरका घातला तरी विरला नाही.

घरी पोचला तेव्हा हिलाल ओट्यावर बसून होता. सोडा पाजलेला नव्हता. पितांबरने दुधात चुन्याची निवळी कालवली. तापीबाईने त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, मी मरी जासू का?"

"पी," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

तिने पेला थांबत थांबत संपवला. ओकारी हळूहळू कमी झाली, पण लघवी बंद झाली. रात्री डॉक्टर आले. चुना बरोबर दिला, म्हणाले, पण किडन्या चालू झाल्या तरच ती वाचेल. नवरा चुनीलाल कोरीटहून येऊन अंगणात बसला. तो जेवायलाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी तापीबाईचे डोळे सुजले, ती बरळू लागली. पितांबर शाळेत गेलाच नाही. नळीत साका पाहिला तेव्हा त्याला वाटलं होतं की काम फत्ते झालं. आता खोलीच्या दाराशी कान लावून बसण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे शांतीबाई बाहेर आली. लघवी झाली, एवढंच तिने सांगितलं. चुनीलालने डोकं गुडघ्यांत घातलं आणि मोठ्याने रडला.

तापीबाई जगली, पण घसा कायमचा घोगरा झाला. आजवर लग्नघरी गाणी म्हणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे ती बायकांमध्ये बसे आणि नुसत्या टाळ्या वाजवी.