आबांनी साहेबाला दिलेले शंभर शब्द

अपेक्षा कॉलेजातून आली ती हातातली झेरॉक्स नाचवतच.

"आई, आपल्या निहाली बोलीचे शंभर शब्द सापडले! कुण्या साहेबानं आबांना विचारून लिहिलेत. खाली आबांचं नावपण हाय!"

रत्नमालाच्या कपाळाला आठी पडली. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी, चाळीत मान, सगळं कसं सुरळीत चाललं होतं! "हळू बोल. शेजारचे हसतेत. कशाला उकरून काढतीस ते?"

"हसू दे ना! मराठी मला शाळेनं शिकवली. आपली बोली कोण शिकवणार होतं, आई?"

अपेक्षा खाटेवर पडलेल्या आजोबांजवळ बसली. अर्धांगवायूनं आबांची वाचा गेली होती, पण समजत सगळं होतं. ती अर्थासकट एकेक शब्द वाचू लागली. हात, डोळा, विस्तव, पाणी... प्रत्येक शब्दाला आबांची मान हलली. नाही, नाही, नाही! शेवटी ते रडायलाच लागले.

रत्नमालाला सगळं आठवलं. जळगाव जामोदकडच्या त्यांच्या वस्तीत तो साहेब वही घेऊन आला, तेव्हा ती सात वर्षांची होती. परक्यासमोर घरची बोली उघडी करायची नाही, ही त्यांची जुनी रीत. आबांनी तोंडाला येईल ते सांगितलं, साहेबानं इमानेइतबारे लिहून घेतलं आणि वस्ती आठवडाभर हसत राहिली. खरे शब्द घरात होते ना!

त्याच वर्षी ती आश्रमशाळेत गेली. पुढं शहरात संसार थाटून आबांना आपल्याकडं आणल्यावर तिनंच त्यांना बजावलं, "इथं ते बोलू नका. पोरीला सवय लागंल." बिचारे आबा वीस वर्षं गप्प बसले. आता वस्तीतही जुने शब्द सांगणारं त्यांच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं.

"आबा, लई चुकले वो मी!" तिनं पेन्सिल घेतली. आठवेल तो शब्द उच्चारायचा आणि आबांच्या मानेकडं बघायचं. संध्याकाळपर्यंत अकरा शब्द जमले. उरलेले एकोणनव्वद आबांना येत होते, पण सांगता येत नव्हते. काय करणार होती ती?

वाचकहो, परक्यापासून बोली जपा, हवं तर. पण पोटच्या पोरांपासून लपवू नका. घरातलं म्हातारं माणूस बोलतंय तोवर त्याच्याजवळ बसा.

अपेक्षा आता आबांना पेला देताना त्या अकरा शब्दांतला पाण्याचा शब्द म्हणते, "जोप्पो". आबा मान डोलावतात. पुढचं ती मराठीतच बोलते.